वाहतूक नियमन, संगणकजालातील
संगणकजालाच्या सीमेवरील फायरवॉलमध्ये माहितीची पॅकेटे रांगेत थांबवून ती ठराविक वेगानेच पुढे सोडण्याच्या पद्धतीस वाहतूक नियमन म्हणतात. एकाच जोडणीवर अनेकजण अवलंबून असता एकाच्या मोठ्या फाइलीमुळे दुसऱ्याचे संभाषण तुटू नये, हा तिचा हेतू होय. मर्यादेबाहेरील पॅकेटे रांगेत न ठेवता टाकून देण्याची पद्धत सोपी, पण कठोर आहे. पॅकेट हरवताच टीसीपी हा संदेशवहनाचा नियमसंच आपला वेग एकदम घटवितो. त्यामुळे प्रत्यक्ष वेग पुष्कळदा मर्यादेच्याही खाली राहतो.

गर्दीचे परिणाम किती टोकाचे असू शकतात, हे ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसून आले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील सु. ४०० यार्डांच्या मार्गावरील वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले टीसीपीचे गर्दी-नियंत्रण याच अनुभवातून आले.

दोषशोधन : मर्यादा घातली, तरी संभाषण अडखळतेच, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी रांग कोठे साचते, हे प्रथम पाहावे. सेकंदास २० लक्ष बिट वाहणाऱ्या जोडणीच्या मोडेममध्ये १० लक्ष बाइटांची रांग साचली, तर तिच्या शेवटच्या पॅकेटास ४ सेकंद थांबावे लागते. फायरवॉलमधील मर्यादा जोडणीच्या खऱ्या वेगाइतकी किंवा अधिक असल्यास रांग मोडेममध्येच साचते व फायरवॉलमधील अग्रक्रम निरर्थक ठरतात. म्हणून मर्यादा खऱ्या वेगाहून थोडी कमी ठेवतात. जोडणी भरलेली असताना पिंगला लागणारा वेळ मोकळ्या वेळेच्या अनेक पट झाला, तर रांग नियंत्रणाबाहेर आहे, असे समजावे. कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांची कोडेल ही रीत (२०१२) रांगेची लांबी न मोजता पॅकेटांचा थांबण्याचा काळ मोजते. तो १०० मिलिसेकंदांपर्यंत सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहिला, तर ती पॅकेटे टाकू लागते.

मर्यादा मुळीच लागू होत नसेल, तर कारण बहुधा साधे असते. पीएफसारख्या फायरवॉलमध्ये पॅकेट कोणत्या रांगेत जावयाचे, हे संबंध जुळतानाच ठरते. त्यामुळे नियम बदलला, तरी चालू संबंध जुन्याच वाटेने जातात. जुन्या संबंधांच्या नोंदी पुसल्याशिवाय केलेली चाचणी फसवी ठरते, आणि यात दिवस वाया जातात. येणाऱ्या वाहतुकीचे नियमन मुळात अप्रत्यक्ष असते, कारण पॅकेटे जोडणी ओलांडून आलेलीच असतात. त्यांना विलंब लावून पाठविणाऱ्यास मंद करणे एवढेच हाती उरते.

उलट, वेग मर्यादेपर्यंत पोहोचतच नसेल, तर टोकन-पात्राचे आकारमान तपासावे. या पात्रात ठराविक वेगाने टोकने जमतात व तेवढीच माहिती सुटते. घड्याळाचे सेकंदास १०० ठोके असून मर्यादा १० कोटी बिटांची असेल, तर दर ठोक्यास १,२५,००० बाइटांची टोकने लागतात. पात्र याहून लहान असल्यास जास्तीची टोकने वाया जातात. बिट व बाइट यांच्यातील आठपटीच्या घोटाळ्यामुळेही असाच भास होतो.