लहान मुलांना मोठ्यांचा फुटबॉल नको

रविवारी सकाळी कोणत्याही मैदानावर जा. आठ-नऊ वर्षांची वीस-बावीस मुले मोठ्या माणसांच्या मैदानावर एका चेंडूमागे धावताना दिसतील. गोलात उभ्या केलेल्या पोराची उंची जेमतेम चार फूट, डोक्यावरचा आडवा दांडा आठ फुटांवर आणि दोन खांबांमधले अंतर चोवीस फूट. चेंडू वरून गेला की बाहेरून कोणीतरी ओरडतो, "झोपला होतास काय रे?" त्या पोराने करावे तरी काय? उडी मारूनही त्याचा हात पोहोचत नाही. हा गोल पोराच्या चुकीने होत नाही, मोठ्यांचे माप लहानाला लावल्यामुळे होतो.

पालकांनो, आपण पहिलीतल्या मुलाला सातवीचे गणित घालत नाही. चप्पल घेतानाही पाय मोजतो. (एक नंबर मोठीच घेतो, वर्षभर पुरावी म्हणून, तो भाग वेगळा!) मग खेळातच सगळ्यांना एका रांगेत का उभे करायचे?

चेंडूपासूनच पाहा. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. सर्वसाधारण पद्धत अशी, की आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, पुढे बारापर्यंत चार नंबरचा आणि तेराव्या वर्षापासून पाच नंबरचा चेंडू द्यावा. दुकानदार सांगेल, "पाचच न्या, मोठेपणीही चालेल." त्याचे ऐकू नका. जड चेंडू लहान पायाला आवरत नाही. मग पोर तो नुसता ढकलते, खेळवायला शिकत नाही.

सहा ते नऊ या वयात मुलाला शिस्तीच्या रांगा आणि मैदानाच्या फेऱ्या नकोत, चेंडूला पाय लागायला हवा. बावीस जणांत एक चेंडू असला तर अर्धी मुले नुसती उभी राहतात. तीन विरुद्ध तीन किंवा चार विरुद्ध चार खेळवा, प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतोच. जर्मनीसारख्या चार वेळा विश्वचषक जिंकलेल्या देशानेही हेच केले आहे. २०२४-२५ च्या हंगामापासून तिथे सर्वांत लहान मुलांचे सामने दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन असेच होतात, तेही छोट्या गोलांवर आणि गुणतालिकेशिवाय. एवढ्यासाठी मोठे मैदान लागतच नाही. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, तो अशाच मोकळ्या जागांवर. 'झुंड' या २०२२ च्या चित्रपटामुळे ते काम घरोघरी माहीत झाले. आपल्या वस्तीतील बोळ आणि शाळेचे छोटे पटांगण हे या वयाला अपुरे नाही, उलट मापाचे आहे.

दहा ते बारा हे हात-पाय चटकन वळण घेणारे वय. दोन्ही पायांनी चेंडू थांबवणे, मान वर करून पास देणे, अंगावर आलेल्याला चकवणे, हे आता शिकवावे. या वयात कुणावर कायमचा 'बॅक' किंवा 'गोली' असा शिक्का मारू नये. आज बचावात, उद्या आघाडीला, परवा गोलात. हेडरची मात्र घाई नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद करण्याचा आणि अकरा ते तेरा वयात सरावातले हेडर मोजके ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. इंग्लंडनेही २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला.

खरी कसोटी तेरा-चौदाव्या वर्षी येते, आणि सर्वांत जास्त मुलांवर अन्यायही याच वयात होतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. आधी पाऊल आणि पाय लांबतात, धड मागून येते. बुटाचा नंबर एकाएकी वाढला, की ओळखावे. काल सफाईने ड्रिबलिंग करणारा पोरगा आज स्वतःच्याच पायात अडखळतो. सर म्हणतात, "लक्ष नाही याचे." लक्ष आहे, पाय नवे आहेत.

याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखू लागते, तिथे टेंगूळही येते. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढत्या हाडावर मांडीच्या स्नायूचा ताण येऊन हे होते. टाचेच्या मागेही असेच दुखते. हा आळस नाही आणि नाटक तर मुळीच नाही. धावणे आणि उड्या काही आठवडे कमी कराव्यात, बर्फाने शेकावे. तेल लावून जोरजोराने रगडू नये. पोर लंगडत असेल, सूज असेल किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात दाखवावे.

आणखी एक गोष्ट. एकाच वर्गातील तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीरात दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. एकाला मिसरूड फुटलेली, दुसरा अजून बालकच. स्पर्धा जिंकायची म्हणून सर पहिल्याला घेतात आणि दुसरा घरी बसतो. इंग्लंडच्या जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी, उंची कमी म्हणून, क्लबने सोडून दिले होते. तो कारखान्यात काम करीत छोट्या संघांतून खेळत राहिला आणि २०१६ मध्ये लेस्टरसाठी गोल करीत इंग्लंडची लीग जिंकला. पण सगळेच एवढे चिवट नसतात. म्हणून काही विदेशी अकादम्या अधूनमधून जन्मतारखेऐवजी शरीराची वाढ पाहून गट पाडतात. आपल्याकडे मात्र उलटा उपाय चालतो: दाखल्यावर वय कमी करायचे! आता मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचे वय तपासतात. त्यात पकडला गेला की शिक्षा पोराला होते, सल्ला देणारा मोकळा.

मुलींच्या बाबतीत तर हेच वय खेळ सुटण्याचे. पाळी सुरू झाली की आई म्हणते, "आता पुरे." आयांनो, पाळीत खेळल्याने काही बिघडत नाही, त्रास होत असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी, एवढेच. पण मैदानाजवळ स्वच्छ, बंद होणारे संडास आहे का, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना ठणकावून विचारा. मुलींना गुडघ्याच्या आतला स्नायुबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. त्यासाठी फिफाचा '११+' नावाचा वीस मिनिटांचा व्यायाम आहे. साधनांचा खर्च नाही. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यामुळे गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

तेव्हा पोराला कोचिंगला घालताना फीच्या आधी तीन गोष्टी विचारा. किती मुलांत किती चेंडू? लहानखुऱ्या मुलांना सामन्यात खेळवता का? गुडघा दुखला तर काय करता? तिसऱ्या प्रश्नाला "आमच्याकडे असली नाटके चालत नाहीत" असे उत्तर आले, तर दुसरे मैदान शोधा.