पायाखालच्या मातीतली वीज

पायाला चिखल लागला की आपण लगेच नळाकडे धावतो. पण त्याच चिखलातून वीज मिळते! सूक्ष्मजीवांपासून वीज मिळते हे इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी 1911 सालीच दाखवले होते. पुढे 1987 मध्ये अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळात जिओबॅक्टर हा जिवाणू सापडला.

असे जिवाणू कुजलेला पाला खातात, तेव्हा इलेक्ट्रॉन सुटतात. खोल चिखलात प्राणवायू नसतो; म्हणून ते तिथे पुरलेल्या कार्बनच्या पट्टीला इलेक्ट्रॉन देतात. तिथून ते तारेवाटे वरच्या, हवेशी संपर्क असलेल्या पट्टीकडे जातात. हीच वीज.

एका पेटीतून एक व्होल्टही मिळत नाही. त्यावर पंखा फिरणार नाही. तरीही ब्रिटनच्या बाथ विद्यापीठातील संशोधकांनी ब्राझीलच्या इकापुई या मच्छीमार गावातील शाळेत अशा पेट्या जोडून पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचा प्रयोग केला. लेकरांच्या पेल्यातले पाणी स्वच्छ होणार असेल, तर ही इवलीशी वीजही आम्हाला मोठी वाटते.

मात्र मातीवर सारे घर उजळून देतो, असे कोणी सांगत आले, तर पैसे देण्याआधी एवढेच विचारा : वीज किती मिळणार?