अर्ध्या वाटेवरची सोबत

गोंदियाच्या स्टेशनावरून दुपारी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईस पोहोचते. प्रवास हजार किलोमीटरच्या घरातला. या गाडीने धानाचे व्यापारी जातात, परीक्षेला निघालेली मुले जातात, मंत्रालयाचे हेलपाटे घालणारे जातात. आणि पुष्कळदा डब्यात एखादे असे कुटुंब असते की, ज्याच्या पिशवीत शिदोरीबरोबर तपासण्यांच्या कागदांची जाडजूड फाईलही असते. ही मंडळी परळला, टाटा रुग्णालयात निघालेली असतात. अशाच एका कुटुंबाची ही हकीकत आहे. नावे मी मुद्दामच देत नाही. ज्या पोराची ही गोष्ट, त्याला उद्या शाळेत, नोकरीत आणि लग्नाच्या बाजारात त्याच नावाने वावरायचे आहे.

मी गोंदियाच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी येईनासा झाला. आमच्याकडे जुलै-ऑगस्ट हा रोवणीचा हंगाम, तेव्हा मुले वर्गातून नाहीशी होणे नवीन नाही. परंतु रोवणी संपली तरी तो आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, त्याच्या सात वर्षांच्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला असून आईबाप त्याला घेऊन मुंबईला गेले आहेत. घरी दोन एकर धान, एक गाय आणि डोळ्यांनी अधू झालेली आजी. बाप एरवी हंगाम संपला की शहरातल्या राईस मिलमध्ये पोती उचलायला जायचा. आता थोरल्याने कॉलेज सोडून मिल धरायची, असे घरात ठरून गेले होते.

रोग ओळखण्यातच महिना-दीड महिना गेला होता. पोराला ताप येई, उतरे, पुन्हा येई. रंग पांढुरका पडला. रात्री पाय दुखतात म्हणून ते रडे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ. अंग पांढरे पडणे आणि हाडे दुखणे ही त्याचीही लक्षणे, म्हणून पहिला संशय तिकडे गेला. एका डॉक्टराने शक्तीची इंजेक्शने दिली, दुसऱ्याने हिवतापाच्या गोळ्या. पुढे कातडीवर काहीही न लागता निळे डाग उमटू लागले आणि हिरड्यांतून रक्त आले, तेव्हा नागपूरला नेऊन रक्त आणि हाडातला मगज तपासला गेला. वाचकहो, ही लक्षणे ध्यानात ठेवावीत : न हटणारा ताप, वाढता पांढुरकेपणा, कारणावाचून उमटणारे डाग, हाडांचे दुखणे, मानेत किंवा काखेत वाढणाऱ्या गाठी, डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक. यांतले प्रत्येक लक्षण म्हणजे कर्करोग मुळीच नव्हे. पण रक्ताची साधी तपासणी लांबणीवर टाकू नये.

कर्करोग म्हटला की आपल्या तोंडी लगेच 'असाध्य' हा शब्द येतो. आमच्या जुन्या वैद्यांनी मात्र शब्द अधिक जपून वापरले होते. रोगांचे त्यांनी सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केले. कृच्छ्रसाध्य म्हणजे कष्टाने साध्य होणारा. मुलांचा रक्ताचा कर्करोग आज या दुसऱ्या रांगेत येऊन बसला आहे. त्यात एका भारतीयाचा हात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत औषध-संशोधन करीत होते. त्यांच्या तुकडीने बनविलेले औषध घेऊन डॉ. सिडनी फार्बर यांनी बोस्टन येथे १९४७-४८ साली रक्तकर्करोगाच्या मुलांवर उपचार केले आणि प्रथमच हा रोग काही महिने का होईना, मागे हटला. पुढे आपल्या अंगणातल्या सदाफुलीच्या झाडातून मिळालेले व्हिन्क्रिस्टीन हे औषध आले; १९६३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि आजही ते या उपचारात वापरले जाते. (म्हणून कोणी सदाफुलीच्या पानांचा काढा करून पिऊ नये, झाड विषारी आहे, आणि औषधाची मात्रा थेंबाथेंबाने मोजलेली असते.)

मग औषध असून मुले का दगावतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील शंभरांपैकी ८० हून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम स्थितीच्या अनेक देशांत ३० सुद्धा होत नाहीत. रोग उशिरा ओळखणे, औषध न मिळणे अशी याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक मात्र असे की, त्याला डॉक्टर एकटा पुरा पडत नाही. ते म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणे.

त्या पोराच्या बाबतीत नेमके तेच व्हायची वेळ आली होती.

परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्तकर्करोगानेच गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. आज ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आमच्या या कुटुंबाला तेथे औषधोपचार मिळाले. खर्चाचा मोठा भार राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेने उचलला. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना शयनयानाचे भाडे पूर्ण माफ करते आणि सोबत्याला तीन चतुर्थांश. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगे महाराज अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. विदर्भातल्या त्या माणसाच्या नावाच्या छपराखाली आजही विदर्भातले रुग्ण मुंबईत पाठ टेकतात, याचे त्या आईला मोठे नवल वाटले. "आपलाच मानूस भेटल्यावानी झालं," असे ती म्हणाली.

पहिला महिना कठीण गेला. पाठीच्या कण्यातून सुया, तोंडात फोड, केस गेलेले. परंतु महिन्याच्या अखेरीस तपासणी झाली, तो रक्तात रोगट पेशी दिसेनात. पोर जेवू लागले, हसू लागले. दिवाळीच्या सुमारास चार दिवसांची सुटी मिळाली आणि मंडळी गावी आली.

आणि येथेच घोटाळा झाला. घरी धान कापणीला आले होते. हातउसने घेतलेले पैसे संपले होते. पोर अंगणात गोट्या खेळत होते. मी भेटीस गेलो तेव्हा बाप म्हणाला, "सर, पोरगं तं चांगलं झालं जी. आता कायले नेऊन पुन्हा सुया टोचाच्या?" आजीचेही तेच म्हणणे पडले. शेजारच्या चार जाणत्यांनी माना हलवल्या. परतीची तारीख दोन दिवसांवर होती आणि तिकिटे काढलेलीच नव्हती.

मी डॉक्टरांचे म्हणणे सांगून पाहिले. एकूण उपचार दोन-अडीच वर्षांचा असतो. पहिल्या महिन्यात रोग दिसेनासा होतो, जात नाही. पुढच्या औषधांचे काम लपून राहिलेल्या पेशी मारण्याचे. बापाने आदराने ऐकून घेतले, पण पटल्यासारखे दिसले नाही. पटवले ते गावच्या आशाताईंनी. त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या काकाजीनं टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांत सोडल्या होत्या ना? बरं वाटते म्हणून? मंग काय झालं?" सगळे गप्प झाले. काय झाले ते गावाला ठाऊक होते. थोड्या वेळाने बापच म्हणाला, "म्हंजे बांधीतलं गवत वरून कापलं, मूळ रायलं." ताई म्हणाल्या, "तेच."

पटले, पण पटून पोट भरत नाही. बापाने एकेक अडचण सांगितली आणि आशाताईंनी ती आपल्या वहीच्या एका पानावर लिहून घेतली : धान, गाय, आजी, थोरला, गाडीभाडे, रक्त. मग त्या पान घेऊन घरोघर फिरल्या आणि प्रत्येक शब्दापुढे नाव लिहवून घेतले. "मदत करू" असे मोघम उत्तर त्यांनी कोणाचेच घेतले नाही. धान कापणीला आणि पुढल्या वर्षी रोवणीला प्रत्येक घरचे एक माणूस एक दिवस. गाय शेजारच्या बाईकडे; दूध तिचे, चारा मालकाचा. आजीचे रात्रीचे जेवण बचत गटातल्या बायांकडे पाळीने. थोरल्याने सकाळी मिलमध्ये अर्धा दिवस काम करायचे आणि दुपारी कॉलेजला यायचे. मिलच्या मुनीमजींनी ते मान्य केले, आणि बुडलेले पाठ भरून काढणे हे माझ्या नावापुढे लिहिले गेले. आमच्या भागात भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक होते. त्या वर्षी नाटकाच्या तिकिटांतून उरलेले पैसे गाडीभाडे आणि मुंबईतल्या किरकोळ खर्चासाठी बाजूला पडले. विदर्भ एक्सप्रेसची तिकिटे ठरल्या तारखेची निघाली.

रक्ताचा प्रश्न मुंबईतला होता. औषधांनी रक्तातल्या बिंबिका, ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्या, खाली जातात आणि त्या दुसऱ्याच्या रक्तातून द्याव्या लागतात. काढलेल्या बिंबिका जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून दाता ऐनवेळी हाताशी लागतो. आमच्या महाविद्यालयाचे मुंबईत नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी या कामी आले. कल्याणहून आणि नालासोपाऱ्याहून लोकलने येऊन, रजा टाकून मुले सुई टोचून घेत होती. त्यांतल्या बहुतेकांनी त्या पोराला पाहिलेसुद्धा नव्हते.

सारे गाव देवमाणसांचे होते असे मात्र मी लिहिणार नाही. रोग लागेल या भीतीने एका घराने आपली मुले अंगणात पाठवणे बंद केले. कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे शाळेतल्या बाईंना वर्गात सांगावे लागले. सहाव्या महिन्यापर्यंत वहीतली बरीच नावे गळली. पहिल्या आठवड्यात आलेले नारळ-फळे कोणाला आठवत नव्हती, आणि आजीच्या जेवणाची पाळी दोघींवर येऊन ठेपली. आशाताईंनी न रागावता नवे पान काढले आणि नवी नावे घेतली. असे तीनदा झाले.

धर्मशाळेत या मंडळींच्या शेजारी दुसऱ्या जिल्ह्यातले एक कुटुंब होते. त्यांची मुलगी याच वयाची. दोघे मिळून सापशिडी खेळत. त्या मुलीचा रोग उलटला आणि ती गेली. कोठे काही चुकले नव्हते, कोणी उपचार सोडला नव्हता. गावी परतताना त्या आईने आपली कढई आणि पोळपाट आमच्या या बाईच्या हाती दिले. कृच्छ्रसाध्य या शब्दात ही मुलगीही येते, हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्या वर्षी औषधे बव्हंशी घरीच गोळ्यांची होती. रोज एक, आठवड्याने दुसरी, आणि ठरल्या वेळी तपासणी. लोकांना वाटले, संपले. एका रात्री पोराला ताप भरला. या उपचारातल्या मुलाचा ताप हा साधा ताप नसतो. अंगातली प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आलेली असल्याने तासाच्या आत प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. गावातल्या ऑटोवाल्याचे नाव वहीत 'रात्र' या शब्दापुढे होते. तो उठला, त्याने गोंदियाला पोहोचवले. तेथून पहिली इंजेक्शने देऊन मुलाला नागपूरला हलवले. दहा दिवसांनी पोर घरी आले. ऑटोवाल्याने भाडे घेतले नाही. पण "पुढल्या येळी डिझेलचे द्या जी," असे मोकळेपणाने म्हणाला, आणि त्यापुढे वहीत डिझेलचे पैसे लिहिले गेले. मला हे फार शहाणपणाचे वाटले. एका रात्रीचा उपकार कोणीही करतो. दोन वर्षे टिकवायचा तर त्याचा हिशेब बसावा लागतो.

२०२५ च्या सुरुवातीस शेवटची गोळी झाली. डॉक्टर अजून 'बरा झाला' म्हणत नाहीत. काही वर्षे तपासण्या चालतील. पोर शाळेत एक इयत्ता मागे आहे. थोरला बी. ए. झाला. घरावर कर्ज आहे, पण जमीन आणि गाय दोन्ही शाबूत आहेत.

उपचार अर्ध्यावर सोडणारी मुले आता टाटा रुग्णालयातही पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहेत. औषधे तर होतीच. तेथे राहण्याची, जेवणाची, प्रवासाची, समुपदेशनाची आणि घरी गेलेल्यांच्या पाठपुराव्याची व्यवस्था लावली गेली, म्हणून हे घडले. मुंबईत २००६ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड या संस्थेची बालरुग्ण-निवासे याच कामी आहेत. म्हणजे आशाताईंनी वहीच्या पानावर जे केले, तेच मोठ्या प्रमाणावर.

शहरातल्या वाचकांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. वर्षातून दोन-तीनदा बिंबिका द्याव्यात. परळ-दादरला राहणाऱ्यांनी एखाद्या कुटुंबाची इंग्रजी चिठ्ठी वाचून द्यावी, रांग दाखवावी, बाजारहाट करून द्यावा. नातलगाचे मूल आजारी असेल तर पहिल्या आठवड्यात फळे नेण्याऐवजी सातव्या महिन्यात डबा न्यावा. आणि नाव द्यायचे ते तारखेसह द्यावे.

मागच्या महिन्यात शेजारच्या खेड्यातली एक नऊ वर्षांची मुलगी याच रोगाने मुंबईला गेली. आशाताईंनी वहीची कोरी पाने फाडून तिच्या घरी दिली. पहिल्या पानावर धान, गाय, गाडीभाडे हे शब्द थोरल्याच्या अक्षरात आहेत. 'रक्त' या शब्दापुढे पहिले नाव त्याचेच आहे, आणि 'रोवणी' पुढे त्याच्या बापाचे.