श्वास मोजणारे मणी

दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक श्वास घेऊ लागले, की न्यूमोनियाची शंका घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. 1980च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत हे ज्ञान असून नसल्यासारखे होते. डॉक्टर दूर होते आणि बाळाजवळ बसलेल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मग एक साधे उपकरण घडवले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला धाप लागली आहे असे समजायचे. दाईला आता दहापर्यंत मोजता आले तरी पुरत होते. गावातल्याच माणसांनी असे निदान करून औषध दिले आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. हा अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढचा प्रश्न अधिक कठीण होता. जन्मानंतरचे पहिले 28 दिवस सर्वांत धोक्याचे. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, तर नवजात बाळ काही तासांत हाताबाहेर जाते. त्यामुळे उपचार घरातच पोहोचायला हवे होते. ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी आणि मास्कने श्वास देणे आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या.

गावातल्या बाईच्या हाती सुई द्यावी का, हा आक्षेप गंभीर होता. त्याचे उत्तर मोजमापातून मिळाले. 39 गावांत ही सेवा दिली गेली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. सेवा सुरू होण्यापूर्वी त्या 39 गावांत हजार जन्मांमागे 62 नवजात बालके दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे 25 वर आला. तुलनेच्या गावांत तो 60च्या आसपासच राहिला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले.

या कामात शिकणे दोन्ही बाजूंनी झाले. दूध ओढणे मंदावले, रडणे क्षीण झाले, हातपाय सैल पडले, अंग गार लागले, हे बदल आईच्या नजरेला सर्वांत आधी दिसतात. आरोग्यदूतांनी घरोघरी अशी लक्षणे टिपली. या नोंदींचे विश्लेषण करून संशोधकांनी निकष काढला : ठरावीक सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली, तर जंतुदोष समजून उपचार करावा. प्रयोगशाळेची वाट न पाहता वापरता येईल असा हा निकष स्त्रियांच्या निरीक्षणाला संख्याशास्त्राची जोड मिळाल्याने हाती आला.

पद्धत आणि आकडे खुलेपणाने मांडल्यामुळे इतरांना ते तपासता आले. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळासाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. 2011 मध्ये भारताने घरोघरी नवजात बालसेवा हे आशा कार्यकर्तीचे काम म्हणून स्वीकारले. रुग्णालयात जन्मलेले बाळही दोन-तीन दिवसांत घरी येते. तिथे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते.

मात्र या देवाणघेवाणीतला अर्धा भाग विसरण्याचा धोका आहे. आशाने भरलेला तक्ता वर पाठवला की काम संपले, असे मानले, तर ती केवळ माहिती गोळा करणारी उरेल. आपल्या भागात बाळे कशाने आजारी पडतात आणि कोणत्या भेटीत धोका आधी ओळखू आला, याचे उत्तर तिच्यापर्यंत परत यायला हवे आणि त्यावर तिचे मत विचारले जायला हवे. गडचिरोलीत बाळे वाचली, कारण तिथे शिकवणारे शिकायलाही तयार होते. योजना देशभर नेताना ही तयारीही सोबत न्यायला हवी.