हिरव्या पाण्यातील चिलापी : विष कोठे असते?

भीमा नदीवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाचे पाणी इंदापूर तालुक्यात पळसदेव, कुंभारगाव, भिगवण या गावांच्या शिवारापर्यंत पसरते. येथे सापडणाऱ्या मासळीत मोठा भरणा चिलापीचा असतो. ही जात मूळची आफ्रिकेतील. 1952 साली ती भारतात आणली गेली. आज उजनीत रोहू व कटला यांना मागे सारून तिने आपले बस्तान बसविले आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरू लागले म्हणजे काठाला रंग ओतल्यासारखा हिरवा थर जमतो. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी नदीवाटे या जलाशयात येते. त्यातील नत्र व स्फुरद हे नील-हरित शैवालाचे खतच होय. जे पिकाला विकत घ्यावे लागते, ते या शैवालास फुकट मिळते! साचलेल्या उबदार पाण्यात जगभर वाढणारा त्याचा एक प्रकार म्हणजे मायक्रोसिस्टिस. त्याच्या काही वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचे, यकृतावर आघात करणारे विष तयार होते. प्रत्येक हिरवे पाणी विषारी असतेच असे नाही. परंतु नुसत्या डोळ्यांनी हा भेद कळत नाही.

असे पाणी ज्यात मुरले आहे ती मासळी खावी की नाही, हा प्रश्न येथे उत्पन्न होतो. त्याचे उत्तर समजण्यास समुद्रातील केंड माशाचे उदाहरण उपयोगी पडेल. संकट येताच पोट फुगविणाऱ्या या माशाच्या अनेक जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. हे विष मासा स्वतः निर्माण करीत नाही, तर ते सूक्ष्म जंतूंपासून व खाद्यातून त्याच्या शरीरात साठते, असे शास्त्रज्ञ मानतात. ते यकृतात व अंडाशयात सर्वांत अधिक असते आणि शिजविल्याने जात नाही. या कुळातील एक जात सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरली. ती खाऊन 2005 ते 2008 या काळात इस्रायलमध्ये 13 जणांना विषबाधा झाली. आपण काय पकडले आहे, हे तेथील लोकांस ठाऊक नव्हते.

उजनीत केंड नाही आणि चिलापी ही काही विषारी जात नव्हे. परंतु विषाची वाट तशीच आहे : पाण्यातील सूक्ष्म जीव, मग माशाचे पोट, मग यकृत. रोहू-कटल्यास खरे जठर नसते. चिलापीस ते असते व त्यातील आम्ल इतके तीव्र असते की, नील-हरित शैवालही तिला पचविता येते. मायक्रोसिस्टिन तिच्या आतड्यांत व यकृतात अधिक साठते, मांसात पुष्कळच कमी. कालवणाला कितीही उकळी आणली तरी ते नष्ट होत नाही. म्हणून मासळी घरी येताच पोट फाडून आतडी व काळीज काढून टाकावे, आतील बाजू स्वच्छ पाण्याने धुवावी व मगच ती शिजवावी. लहान चिलापी न साफ करता अख्खी तळण्याची किंवा वाळविण्याची रीत या दिवसांत सोडून द्यावी. काढलेली घाण कोंबड्यांना व कुत्र्यांना घालू नये, ती पुरावी. थर दाट असेल त्या काठची मासळी न धरणे हेच उत्तम.

जनावरांना धोका याहून मोठा आहे, कारण ती थरासह पाणी पितात. ऑस्ट्रेलियात 1878 साली एका सरोवरावरील असा थर पिऊन मेंढ्या, घोडे व कुत्री दगावल्याची नोंद आहे. माणसांचीही हानी झालेली आहे. ब्राझीलमधील कारुआरू येथे 1996 साली एका रुग्णालयात मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करण्यासाठी असे दूषित पाणी वापरले गेले. त्यात 50 हून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. पिण्याच्या पाण्यात या विषाचे प्रमाण लिटरमागे 1 मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शैवाल कोणते हे अजमावण्याची एक साधी रीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस दाखवावी. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी भरावे, झाकण लावावे व बरणी रात्रभर न हलविता ठेवावी. हिरवा गाळ तळाशी बसला तर ते बहुधा साधे शैवाल असते. तो वर तरंगून आला तर नील-हरित शैवालाचा संशय धरावा, कारण त्याच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असतात. काठीने ओढता हिरवे केसांसारखे लांब तंतू निघाले, तर ते बहुधा निराळे, निरुपद्रवी शैवाल होय.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेततळ्यांतही असा थर येऊ शकतो. तेथे मोरचूद टाकून पाणी निवळल्याचे समाधान मानले जाते. हे फसवे आहे. मोरचुदाने पेशी फुटतात व आतील विष एकदम पाण्यात उतरते. पाणी स्वच्छ दिसू लागते, आणि नेमके तेव्हाच ते अधिक घातक असते! शिवाय जास्त मोरचुदाने मासळीही मरते. अशा तळ्यावर पुढील दोन-तीन आठवडे जनावरे नेऊ नयेत, मासळी धरू नये आणि ते पाणी मेथी, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्यांवर तुषार पद्धतीने फवारू नये. हिरवे पाणी प्यालेले जनावर सुस्त झाले, त्याने चारा सोडला किंवा ते थरथरू लागले, तर त्यास सावलीत बांधून पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे व त्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून ठेवावा.