घराची ऊब (भाग ९) : बिडाचे रेडिएटर परत आणताना

मागच्या आठवड्यात कॉम्बी बॉयलर आतून पाहिला. आता त्याचं गरम पाणी जिथे पोचतं तिकडे वळू. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत खिडकीखाली पत्र्याचा पांढरा, चपटा रेडिएटर असतो. तो काढून त्या जागी बिडाचा जुना, चार पायांवर उभा राहणारा रेडिएटर बसवायची हौस तिथे चांगलीच रुजली आहे. लंडनच्या उपनगरांत जुनं टेरेस घर घेतलेली मराठी कुटुंबंही त्यात आहेत.

घराला मूळ रूप परत मिळतं, असं या हौसेचं समर्थन केलं जातं. त्यात एक गोम आहे. साध्या व्हिक्टोरियन घरात रेडिएटर नव्हतेच. खोल्यांत कोळशाच्या फायरप्लेस होत्या. १९७० च्या सुमारासही ब्रिटनमधल्या निम्म्याहून कमी घरांत सेंट्रल हीटिंग होतं. बिडाचे रेडिएटर असायचे ते शाळा, इस्पितळं, चर्च आणि श्रीमंतांच्या हवेल्यांत. अमेरिकेत १८९२ मध्ये तीन कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी झाली. तिच्याच नॅशनल रेडिएटर कंपनीने १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहरात कारखाना काढला. जुनं इमारती सामान विकणाऱ्यांच्या आवारात आज जे दिसतं, ते पुष्कळदा पाडलेल्या शाळेतलं किंवा इस्पितळातलं असतं. ते घरी आणण्यात गैर काही नाही, पण त्याला जीर्णोद्धार म्हणू नये.

दुसरा समज उष्णतेबद्दलचा. ‘बीड ऊब धरून ठेवतं’ हे आपल्याला बिडाच्या तव्यावरून पटकन पटतं. पण किलोला किलो तोललं, तर बीड आणि पोलाद जवळजवळ सारखीच उष्णता साठवतात. तवा ऊब धरतो तो जड असतो म्हणून. रेडिएटरमध्ये तर आणखी एक भागीदार आहे, पाणी. समजा ८० किलोच्या रेडिएटरमध्ये १५ लिटर पाणी आहे. एक अंश तापमान वाढवायला त्यातल्या बिडाला साधारण ३७ किलोज्यूल लागतात आणि पाण्याला ६३. म्हणजे बॉयलर बंद झाल्यावर रेंगाळणाऱ्या उबेत मोठा वाटा पाण्याचाच. शिवाय ती ऊब फुकटची नसते. सकाळी उशिरा तापून रेडिएटरने ती आधीच उधार घेतलेली असते. गॅसचं बिल केवळ बिडामुळे उतरत नाही.

उलट, मापात चूक झाली तर खोली गार राहते. आजच्या दुहेरी पत्र्याच्या रेडिएटरमध्ये आत नागमोडी पट्ट्या असतात. त्यांच्यामुळे हवेला तापायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. तेवढ्याच लांबी-उंचीचा बिडाचा रेडिएटर सहसा त्याच्याइतकी उष्णता देत नाही. म्हणून जागा मोजून खरेदी करू नये, वॉट मोजून करावी. विक्रेत्याचा आकडा कोणत्या फरकावरचा आहे, हेही विचारावं. युरोपातलं प्रमाण ५० अंशांचं आहे: पाणी सरासरी ७०, खोली २०. पाण्याची सरासरी ५० वर आणली की फरक ३० उरतो आणि उष्णता निम्म्यावर येते. हे तापमान काल्पनिक नाही. इंग्लंडच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार हीटिंगची पूर्ण यंत्रणा नव्याने बसवताना ती जास्तीत जास्त ५५ अंशांच्या पाण्यावर चालेल अशी आखावी लागते. हीट पंपाला तर त्याहूनही कोमट पाणी मानवतं. अशा पाण्यावर चालवायचं तर रेडिएटर ऐसपैस हवा, मग तो बिडाचा असो की पत्र्याचा.

आता खरा धोका. जुन्या यंत्रणेत पंप नसायचा. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, गार होऊन उतरायचं. दाब असायचा तो फक्त वरच्या टाकीतल्या पाण्याचा, पाच मीटर उंचीला जेमतेम अर्धा बार. कॉम्बी बॉयलरची बंद यंत्रणा थंड असतानाच एक ते दीड बारवर भरतात आणि तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो. शंभर वर्षांच्या सांध्यांना हा दाब नवा आहे. म्हणून पाणी भरून दाबाची चाचणी घेतल्याशिवाय रेडिएटर घरात आणूच नये. उघड्यावर पडून राहिलेल्या मालात पावसाचं पाणी साचतं, हिवाळ्यात गोठतं आणि बीड तडकतं. ती चीर रंगाखाली दिसत नाही.

अमेरिकेतला माल असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. तिथे वाफेवर चालणारे रेडिएटरही खूप होते आणि त्यांतल्या काहींचे खण फक्त खालून जोडलेले असतात. त्यात पाणी सोडलं तर प्रत्येक खणाच्या माथ्याशी हवा अडकते आणि ती काढायला वाट नसते. पाण्याच्या रेडिएटरचे खण वर आणि खाली, दोन्हीकडे जोडलेले हवेत.

आत साचलेला काळा गाळ आणि ओतकामातली उरलेली वाळू धुऊन काढावी लागते, नाहीतर ती थेट बॉयलरच्या नाजूक वाटांत जाऊन बसते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घरी कोरडा पॉलिशपेपर मारत बसू नये. नवा रंग कुठलाही चालेल; काळा आणि पांढरा यांत उष्णतेच्या दृष्टीने फरक नाही. फक्त चंदेरी ॲल्युमिनियम पेंट टाळावा. तो सर्वांत वरचा थर असला की रेडिएटर कमी उष्णता बाहेर टाकतो.

वजनाचं म्हणाल तर लाकडी जमिनीखालच्या तुळया आधी शोधाव्यात आणि पाय शक्यतो त्यांच्यावर येतील असं बघावं. उचलताना रेडिएटर उभाच ठेवावा, आडवा केला की सांधे उकलतात. एकदा बसला की मात्र इडलीचं पीठ आंबवायला त्याच्याइतकी चांगली जागा इंग्लंडच्या जानेवारीत सापडणार नाही.

बहुतेक लोक खर्चामुळे फक्त बैठकीच्या खोलीत बीड बसवतात आणि बाकी घरात पत्रा ठेवतात. मग नवीच तक्रार सुरू होते. थर्मोस्टॅट असतो पॅसेजमध्ये. तिथला पत्र्याचा रेडिएटर चटकन तापतो, थर्मोस्टॅट समाधानी होतो, बॉयलर थांबतो आणि बैठकीतलं बीड अजून कोमटच असतं. थर्मोस्टॅट बैठकीच्या खोलीत हलवावा, तिथला रेडिएटर पूर्ण उघडा ठेवावा आणि बाकी खोल्यांतल्या रेडिएटरना थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह लावावेत. हीटिंगची वेळही थोडी अलीकडे आणावी, किती ते आठवडाभर बघून ठरवावं. तरीही पाणी जवळच्या रेडिएटरकडेच पळत असेल, तर लॉकशील्ड व्हॉल्व्हला हात घालावा लागेल. तो कसा, हे पुढच्या भागात.