अक्षर कां बिघडलें ?

रामनवमीस पोहरादेवीच्या यात्रेला देशोदेशींचे बंजारा भाविक लोटतात. त्या गर्दींत आजारी लेकरासाठीं नवस बोललेली एखादी माताहि असेल. अशा एका मुलाचें चित्र डोळ्यांपुढें आणूं. वय चौदा वर्षांचें. कालपर्यंत सालस व अभ्यासांत हुशार. आतां तो क्षुल्लक कारणावरून संतापतो, अकारण हंसतो, आणि त्याचें टपोरें अक्षर वेडेंवांकडें झालें आहे. गुरुजी म्हणतात, आळशी झाला. शेजारी म्हणतात, बाहेरचें झालें. कोणी वेडाचें औषध सुरू करतो. तिघांचाहि तर्क चुकीचा असूं शकेल. कारण क्वचित् प्रसंगीं हा विल्सनचा रोग असतो.

अन्नावाटे थोडें तांबें आपल्या शरीरांत नित्य जातें, व जास्त झालेलें यकृत पित्तावाटे बाहेर टाकतें. या रोगांत जन्मतःच एका जनुकांत दोष असल्यानें तें यकृतांत व पुढें मेंदूंत सांचत जातें. मग हात कांपतात, वाणी अडखळते, लाळ गळते. परंतु कित्येकांत या सर्वांपूर्वीं स्वभावच पालटतो. म्हणून जाणते वैद्यहि फसतात.

लंडनचे डॉ. किनियर विल्सन यांनीं १९१२ सालीं या रोगाचें सविस्तर वर्णन केलें. मुंबईचे डॉ. दस्तूर, डॉ. मंघाणी व डॉ. वाडिया यांनीं भारतांतील सोळा कुटुंबांचा अभ्यास १९६८ सालीं प्रसिद्ध केला. अर्थात् हा रोग केवळ परदेशचा नव्हे.

याची खूण बहुधा डोळ्यांत सांपडते : बुबुळाच्या कडेस तपकिरी-सोनेरी कडें दिसतें. रक्तांतील सेरुलोप्लास्मिन व चोवीस तासांच्या लघवींतील तांबें तपासल्यास निदानास बळकटी येते. मेंदू झिजविणारे बहुतेक रोग असाध्य आहेत. हा मात्र औषधास वश होतो. १९५६ सालीं डॉ. वॉल्श यांनीं पेनिसिलामाइन हें तांबें काढून टाकणारें औषध पुढें आणलें. जस्ताचे क्षारहि उपयोगी पडतात. औषध जन्मभर घ्यावें लागतें. विलंब झाल्यास गेलेली शक्ति पुरती परत येत नाहीं. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडास हा रोग असण्याचा संभव चारांत एक असतो. सबब त्यांचीहि तपासणी अवश्य करावी.

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येक वाईट अक्षर रोगाचें लक्षण नव्हे. परंतु चांगला सोबती अकस्मात् बदलला, तर त्यास हंसूं नका. घरीं व गुरुजींस सांगा. नवस श्रद्धेनें फेडावा, आणि डोळे व रक्त वेळीं तपासून घ्यावें.